समास आणि हाशिया

शाळेत अक्षर गिरवता येऊ लागले की गुरुजी पहिली सवय लावतात ती समास सोडायची. डाव्या हाताला पट्टीने उभी रेघ मारायची आणि तिच्या अलीकडे काही लिहायचे नाही. ती जागा गुरुजींची. तिथे त्यांची लाल शाई उतरायची. ‘शुद्धलेखन पाहा’, ‘अक्षर सुधारा’, कधी नुसतेच एक प्रश्नचिन्ह. ज्यांचे बालपण सकाळी शाळा आणि संध्याकाळी मदरसा असे गेले, त्यांची आणखी एका समासाशी ओळख झालेली असते. सिपाऱ्याच्या पानाच्या कडेला एक ‘ऐन’ असतो. त्याच्या वर, पोटात आणि खाली एकेक आकडा. रुकू कितवा, त्यात आयती किती, हे तो कडेला उभा राहून सांगतो. मूळ शब्दाला मात्र कोणी हात लावायचा नसतो. एक समास आपल्याला दुरुस्त करणारा आणि दुसरा फक्त वाट दाखवणारा, असे दोन समास घेऊन आम्ही मोठे झालो.

आज लिहिणारी माणसे तिसऱ्या समासाशी झगडत आहेत. तो संगणकातला. बहुतेक संपादक आता लेख मेलवर मागतात, त्यावर तिथेच काम करतात आणि परत पाठवतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ नावाचा एक भाग आहे. त्यात ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू केले (कंट्रोल, शिफ्ट आणि ई ही बटणे एकत्र दाबली तरी ते सुरू होते) की त्यापुढे कोणीही केलेला बदल फाइलमध्ये नोंदला जातो. गाळलेला शब्द पुसला जात नाही, त्याच्यावर आडवी रेघ येते. नवा शब्द रंगीत होतो आणि त्याच्याखाली रेघ येते. बाजूच्या समासात ‘कॉमेंट’ लिहिता येते, तिला उत्तर देता येते. बदल कोणी केला, कधी केला, हेही शब्दावर माऊस नेला की दिसते. मग लेखकाने एकेक बदल पाहायचा आणि तो ठेवायचा की नाकारायचा ते ठरवायचे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ किंवा ‘रिजेक्ट’. आपल्या जुन्या कचेरीच्या भाषेत मंजूर किंवा नामंजूर.

इथपर्यंत सारे सरळ आहे. गोम आहे ती दाखवण्यात. तीच फाइल चार प्रकारे दाखवता येते. ‘ऑल मार्कअप’मध्ये प्रत्येक खाडाखोड डोळ्यांसमोर येते. ‘नो मार्कअप’मध्ये सगळे बदल मान्य झाल्यासारखे स्वच्छ पान दिसते. ‘ओरिजिनल’मध्ये तुम्ही पाठवले होते तसे पान दिसते. आणि २०१३च्या आवृत्तीपासून आलेल्या ‘सिंपल मार्कअप’मध्ये पान स्वच्छच दिसते, फक्त जिथे काही बदलले आहे त्या ओळीच्या बाजूला एक बारीक लाल उभी रेघ असते. त्या रेघेवर क्लिक केले तर आतली सगळी उलथापालथ उघडते. त्या आवृत्तीपासून वर्ड आपणहून हेच दृश्य दाखवते. म्हणजे कोणी सांगितले नसेल तर लेखकासमोर येते ते आवरलेले, झाडलेले घर. कोणते सामान कुठे हलवले, काय बाहेर ठेवले, ते पाहायचे तर ती लाल रेघ शोधावी लागते.

मला या लाल रेघेचे महत्त्व जास्त वाटते, कारण ती नव्हती त्या काळातही मी लिहीत होते. नव्वदच्या दशकात एका दिवाळी अंकाने माझी कथा छापली. हाताने लिहिलेली संहिता टपालाने पाठवली होती. मुद्रित पाहायला मिळाले नाही, तशी पद्धतच नव्हती. अंक हातात आला. कथेतली ‘अम्मी’ सगळीकडे ‘आई’ झाली होती. ‘फुफी’ची ‘आत्या’ झाली होती. ‘सालन’ची ‘भाजी’ झाली होती. कथेतली मुलगी दारातून हाक मारते ती ‘आई गं!’ अशी. आमच्या गल्लीत अशी हाक कोणी मारत नाही. आई हा शब्द मला परका नाही. शाळेत मराठी शिकवताना मी तो हजारदा उच्चारला असेल, आईवरच्या कविता मुलांकडून पाठ करून घेतल्या असतील. पण माझ्या कथेतल्या त्या घरात तो राहत नव्हता. वाचणाऱ्यांना वाटले की लेखिकेनेच तसे लिहिले आहे. आमच्याच एका नातेवाइकांनी विचारले, “अम्मी म्हणायची लाज वाटली का?” त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हते. मूळ कागद छापखान्यातून परत आले नाहीत. बदल झाला याचे दुःख होते, पण त्याहून मोठे दुःख हे होते की बदलाचा माग कुठेच उरला नव्हता.

म्हणून अम्मीच्या इंतकालानंतर मी लिहिलेला लेख जेव्हा एका नियतकालिकाच्या तरुण संपादकाकडून रंगीबेरंगी होऊन परत आला, तेव्हा आधी धस्स झाले आणि मग बरे वाटले. धस्स झाले ते बदल पाहून, आणि बरे वाटले ते बदल दिसत होते म्हणून. त्यांनी मेलमध्ये स्वच्छ लिहिले होते, ‘मॅडम, ऑल मार्कअप लावून पाहा. काही पटले नाही तर कॉमेंटमध्ये सांगा.’

बदल काय होते? ‘इंतकाल झाला’ यावर रेघ आणि शेजारी ‘स्वर्गवासी झाल्या’. ‘मय्यत’च्या जागी ‘पार्थिव’. ‘गुस्ल दिला’च्या जागी ‘आंघोळ घातली’. ‘जनाजा’च्या जागी ‘तिरडी’. ‘कब्रस्तान’च्या जागी ‘स्मशान’. ‘चाळिसावा’ हा शब्द त्यांनी तसाच ठेवला होता, पण समासात प्रश्न होता, ‘म्हणजे तेराव्यासारखे का?’ आणि सर्वांत वर एक कॉमेंट होती, ‘सामान्य वाचकाला हे शब्द कळणार नाहीत.’

मी दोन दिवस उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी एकेका कॉमेंटखाली लिहायला बसले. ‘गुस्ल’खाली लिहिले की ही आंघोळ नव्हे. आंघोळ माणूस स्वतः करतो. गुस्ल ही मेलेल्या माणसाची जिवंतांकडून होणारी शेवटची सेवा. उजव्या बाजूपासून सुरुवात, पाणी विषम वेळा, शेवटच्या पाण्यात कापूर. अम्मीला गुस्ल देणाऱ्या बायकांत मी होते, म्हणून मला दुसरा शब्द चालणार नाही. ‘तिरडी’खाली लिहिले की तिरडी त्या एका माणसासाठी बांधतात आणि तिचा प्रवास स्मशानातच संपतो. जनाजा मशिदीतून येतो आणि दफन झाल्यावर मशिदीत परत जातो, पुढच्या माणसासाठी. गावातल्या श्रीमंताला आणि हमालाला तोच. हा अर्थ तिरडीत येत नाही. ‘स्वर्गवासी’खाली फार लिहिले नाही. एवढेच लिहिले, ‘जन्नत मिळो अशी दुआ आम्ही करतो. मिळाली असे जाहीर करायचा अधिकार आमच्याकडे नाही.’

राहता राहिला ‘सामान्य वाचक’. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिले. मी विचारले, हा सामान्य वाचक कोण? मी मराठी माध्यमात शिकले. सातवी-आठवीच्या वयात धडे वाचताना तिरडी, तेरावा, श्राद्ध, सोवळे, उदक सोडणे, सगळे शब्द समोर आले. आमच्या घरात त्यांपैकी एकही वस्तू नव्हती. कोणी आमच्यासाठी ते शब्द बदलले नाहीत, आणि बदलायला नकोच होते. आम्ही विचारत गेलो, मैत्रिणींच्या घरी पाहत गेलो, शिकत गेलो. त्यामुळे आमचे मराठी श्रीमंत झाले. मग शेजारच्या घरातले चार शब्द शिकायची संधी त्या वाचकाला का नको? तो सामान्य आहे म्हणून त्याला कळणार नाही, असे आपण आधीच का ठरवायचे?

उत्तर त्याच संध्याकाळी आले. प्रत्येक कॉमेंटखाली दोन-दोन ओळी. ‘जनाजा परत जातो हे मला माहीत नव्हते. हे लेखातच घ्याल का?’ ‘चाळिसाव्याला काय करतात, एक वाक्य द्या, तळटीप नको.’ आणि शेवटी, ‘शब्द राहू द्या.’ त्यांनी सुचवलेले बदल मी नामंजूर केले, ते त्यांनी मंजूर केले!

पण गोष्ट इथेच संपली असती तर ती फक्त हक्काची गोष्ट झाली असती. त्या फाइलमध्ये त्यांची आणखी एक कॉमेंट होती. गुस्लच्या वर्णनाच्या बाजूला त्यांनी विचारले होते, ‘या वेळी तुमचे वडील कुठे होते?’ शब्द एकही बदलला नव्हता. नुसता प्रश्न. मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे पाहत राहिले. अब्बा अंगणात होते. गुस्लच्या ठिकाणी बायकाच होत्या, त्यांनी आत यायचे नव्हते. ते तांब्याच्या बंबापाशी बसून लाकडे सारत होते. पाणी फार कढत होऊ नये म्हणून मध्येमध्ये हात बुडवून पाहत होते आणि बादली भरली की दारापर्यंत आणून ठेवत होते. पन्नास वर्षांचा संसार, आणि शेवटचे काम काय तर पाणी तिला सोसेल इतकेच तापवायचे. हे मी लिहिले. लेख छापून आल्यावर जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक त्या बंबाविषयी होती. विदर्भातल्या एका गावातून एका वारकरी गृहस्थांनी लिहिले होते की त्यांच्या आईच्या वेळी त्यांचे वडीलही असेच चुलीपाशी बसून होते. त्या पत्रात त्यांनी ‘गुस्ल’ हा शब्द कोणतेही अवतरणचिन्ह न लावता वापरला होता. तोच तो सामान्य वाचक.

या अनुभवानंतर मला आपल्या जुन्या ग्रंथपरंपरेकडे नव्याने पाहावेसे वाटले. दर्से-निजामीची जुनी शिळाप्रेसची पुस्तके ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्या पानाची रचना आठवेल. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने (स्थापना १८५८) असे कितीतरी ग्रंथ छापले. मध्ये मूळ ग्रंथ, म्हणजे मत्न. त्याला धरून स्पष्टीकरण, ती शर्ह. आणि कडेच्या जागेत, कधी तिरप्या ओळींत, कधी उलट्या दिशेने, बारीक अक्षरात हाशिया. एका पानावर तीन-चार शतकांची माणसे एकमेकांशी बोलत असतात. कोणी कोणाला पुसत नाही. जो तो आपापल्या जागेवरून बोलतो.

हदीसच्या विद्वानांनी तर दुरुस्ती कशी करावी याचे शास्त्रच केले. नकललेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहायची, याला मुकाबला म्हणत. सुटलेला शब्द समासात लिहून त्याच्यापुढे ‘सह्ह’ अशी खूण करायची, म्हणजे हा शब्द खरा, मूळचा. आणि चुकून आलेला शब्द काढायचा कसा? यावर चौथ्या हिजरी शतकातले रामहुर्मुजी, पुढे काजी इयाज (मृत्यू ११४९) आणि दमास्कसचे इब्न अस्-सलाह (मृत्यू १२४५) यांनी बारकाईने लिहिले आहे. चाकूने खरवडून शब्द नाहीसा करण्यापेक्षा त्याच्यावर रेघ ओढणे चांगले, कारण खरवडलेल्या जागेमुळे संशय निर्माण होतो. आणि रेघही अशी हवी की खालचा शब्द वाचता यावा. काजी इयाज यांनी तर असे नोंदवले आहे की काही उस्तादांना हदीस ऐकण्याच्या बैठकीत चाकू आणलेलाच आवडत नसे. आज खरवडलेला शब्द उद्या दुसऱ्या रिवायतीत बरोबर ठरू शकतो. रेघ मारलेली असेल तर तो पुन्हा जिवंत करता येतो. खरवडला असेल तर तो गेला.

आणखी एक सुंदर खूण होती, जब्बा. शब्द रिवायतीत तसाच आला आहे, पण वाचणाऱ्याला तो विचित्र वाटतो. अशा वेळी शब्द बदलायचा नाही. त्याच्यावर ‘साद’ या अक्षराच्या तोंडासारखी छोटी खूण करायची. म्हणजे, मला शंका आहे, पण हात लावत नाही. माझ्या तरुण संपादकाने ‘चाळिसावा’जवळ केलेला प्रश्न असाच नव्हता का?

मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी इब्न अस्-सलाह वाचला असेल असे माझे म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की शब्दाची अमानत सांभाळणाऱ्या माणसांना आठशे-हजार वर्षांपूर्वी जे नियम सुचले, तेच आज यंत्रालाही पाळावे लागतात. मूळ दिसू दे, बदल दिसू दे, बदलणारा दिसू दे.

बदलणारा दिसण्याची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. वर्डमध्ये बदलाशेजारी जे नाव येते, ते त्या संगणकावर नोंदलेले नाव असते. गावाकडच्या डीटीपी सेंटरवर काम झाले की दुरुस्त्या ‘एचपी’, ‘यूजर’ किंवा ‘अ‍ॅडमिन’ या थोर विद्वानांच्या नावावर येतात. एका फाइलमध्ये माझ्या लेखातली दोन वाक्ये ‘एचपी’ यांनी कापली होती. हदीसच्या भाषेत हा मजहूल रावी, ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही. त्याची साक्ष मानायची कशी? म्हणून मी आता संपादकांना विनंती करते की संगणकात आधी आपले नाव घाला आणि मग माझ्या लेखाला हात लावा.

आपल्या लिपीचीही एक अडचण आहे. नव्या शब्दाखाली जी रेघ येते ती देवनागरीत उकाराच्या जागीच येते. ऱ्हस्व की दीर्घ, दोन्ही उकार रेघेत गुंततात. नुक्ता तर त्या रेघेत बुडूनच जातो. मराठीत नुक्ता लिहायची रीत नाही, पण उर्दू शेराचे उद्धरण द्यायचे असेल तर तो लागतो. अशा वेळी थोडा वेळ ‘नो मार्कअप’ करून अक्षर पाहावे आणि मग पुन्हा सगळे उघडावे.

आणि झाकलेले म्हणजे गेलेले, असेही कोणी समजू नये. २००५ साली लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येच्या चौकशीचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल बाहेर आला. त्याच्या संगणकीय प्रतीत ट्रॅक चेंजेसची नोंद तशीच राहून गेली होती. सिरियाच्या अध्यक्षांचे बंधू आणि मेहुणे यांची नावे आधीच्या मसुद्यात होती आणि ती गाळली गेली, हे पत्रकारांनी उघडून पाहिले. अहवाल जाहीर होणार हे कळल्यावर आपणच ती नावे काढली, असा खुलासा चौकशीप्रमुख डेटलेव्ह मेहलिस यांना करावा लागला. बदल मान्य किंवा अमान्य केल्याशिवाय फाइलमधून जात नाहीत, मग पडद्यावर ते दिसोत की न दिसोत.

मराठी भाषेच्या अंगावरही अशा दुरुस्त्या झाल्याच आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत, हा त्याचा हेतू. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) तयार करणारे माधव ज्यूलियन पुढे त्या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. या सगळ्याचा हेतू काहीही असो, मला एक गंमत वाटते. राजव्यवहारकोश वाचताना जो शब्द काढायचा तोही दिसतो आणि जो घालायचा तोही. कोशकाराने चाकू वापरला नाही, रेघ मारली. म्हणून कोणत्या शब्दाने जागा सोडली आणि कोणता तग धरून राहिला, हे आज ताडून पाहता येते. कागद, शाई, तारीख, खर्च, वकील, अर्ज हे शब्द जागेवरच आहेत. एवढेच कशाला, ज्या क्रियेबद्दल मी इतके लिहिते आहे तिचे मराठी नाव ‘दुरुस्ती’, तेही फारसीतून आले. भाषेतून परके शब्द काढायचे म्हटले तरी ‘दुरुस्ती’च करावी लागते!

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपले अनुभव आपल्या शब्दांत मराठीत यावेत ही त्यामागची भूक होती. आता आपली मुले लिहीत आहेत. मोबाइलवर लिहितात, मेलवर पाठवतात, आणि छापून आले की खूश होतात. त्यांना दोन-चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात असे वाटते. पाठवलेल्या मूळ लेखाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. संपादकांकडून फाइल आली की ‘रिव्ह्यू’मध्ये जाऊन ‘ऑल मार्कअप’ लावा. ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ हे बटण सोयीचे आहे, पण एकेक बदल वाचल्याशिवाय ते दाबू नका. फाइल अगदी स्वच्छ आली, कुठेच रेघ नसली, तर आपली मूळ प्रत आणि आलेली प्रत ‘कम्पेअर’ या सोयीने शेजारी-शेजारी लावा. कोणी गुपचूप केलेले बदलही यंत्र दाखवून देते. यालाच आपले लोक मुकाबला म्हणत.

आणि प्रत्येक रेघेला शत्रू मानू नका. चांगला संपादक मिळणे ही नेमत आहे. तो लांबलेले वाक्य कापील, तेच ते पुन्हा आलेले दाखवील, आणि कधी असा प्रश्न विचारील की तुमच्या अंगणातला बंब तुम्हाला पुन्हा पेटलेला दिसेल. त्याचे म्हणणे जिथे लेखाच्या भल्याचे असेल तिथे मनापासून मंजूर करा. पण जिथे तो तुमच्या अम्मीची आई करतो, तिथे भांडू नका, रागावून लेख परतही मागू नका. समासात जा, कॉमेंट उघडा आणि त्या शब्दाचे घर कसे आहे ते त्याला दोन ओळींत सांगा. तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. पण तुमचे म्हणणे त्या फाइलमध्ये तुमच्या नावानिशी, तारीखवेळेसह राहील, आणि उद्या कोणी विचारले की ‘अम्मी म्हणायची लाज वाटली का?’, तर दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल.